शीड गुंडाळणं म्हणजे

मुंबई
१२ डिसेंबर १९९९

रोशनी,

पोहोचलो. पिशवी बोटीवर ठेवली आणि आधी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. घरमालकीणबाईंच्या फोनवर बोलता आलं असतं, पण चंद्रभागाकाकू तुझ्या हातात रिसिव्हर देऊन तिथंच उभ्या राहतात आणि मग तू नुसती हो-हो करतेस. त्यापेक्षा पत्र बरं.

बोट लय मोठी आहे. धरणावरच्या आपल्या क्लबातल्या सगळ्या होड्या हिच्यावर रचून ठेवता येतील. कप्तानाने विचारलं, कुठं शिकलास? म्हटलं, नाशिकला. तो हसायला लागला. नाशिकला समुद्र कधी आला, म्हणाला. मग मी आपल्या क्लबच्या यादव साहेबांची चिठ्ठी पुढं केली. साहेब नेव्हीतले, हे वाचल्यावर हसणं थांबलं. लगेच दोर हातात दिला आणि म्हणाला, दाखव.

इथं सगळं बोलणं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. हुकूम आला की मी मनात आधी मराठी करतो आणि मग हात चालवतो. चढव, ताण, सोड, गुंडाळ. तेवढ्यात उशीर होतो आणि शिव्या बसतात. होईल सवय.

काम पावसाळ्यापर्यंतच आहे, हे आईला पुन्हा सांग. निघताना तू मशीनवर मान खाली घालून बसली होतीस. रागावलीस असं धरून चाललोय. पण मला त्या खोलीत बसवत नव्हतं, रोशनी. हिवाळ्यात धरणावर गिऱ्हाईक कमी, आणि खोलीत बसलं की पाय नुसते हलत राहतात. तुलाच त्रास व्हायचा.

हिरामण


नाशिक
१७ जानेवारी २०००

तुमचं पत्र आणि मनिऑर्डर दोन्ही मिळाली. रागावले नव्हते. शाळेच्या गणवेशाचं काम अंगावर होतं, म्हणून मान खाली होती. पाय हलतात म्हणून तुम्ही समुद्रावर गेलात. माझे पाय दिवसभर मशीनवर हलतात आणि मी तिथंच असते.

एक गंमत झाली. संक्रांतीच्या आधी यादव साहेब स्वतः खोलीवर आले. हातात भलीमोठी वळकटी. म्हणाले, शीड फाटलंय, गावातला एक शिंपी हात लावायला तयार नाही, हिरामण म्हणायचा तुमचा हात चांगला आहे. कापड बघितलं. करकरीत, कागदासारखं, सुई शिरताना टक-टक वाजतं. दोन सुया मोडल्या. पण शिवलं, दुहेरी शिवण घातली. मग मला वाटलं, चांगलं दिसावं. कडेला इस्त्री फिरवली तर तिथलं कापड पापडासारखं आकसलं. घाबरून बाकीची साडीसारखी चौघडी घातली आणि नेऊन दिली.

साहेबांनी शिवण बघितली, मान हलवली. घडी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, "बाई, शिडाला घडी घालायची नाही. घडीवर ते तुटतं. गुंडाळायचं." मग जमिनीवर पसरून मला गुंडाळायला लावलं, एका टोकापासून, दोन्ही कडा सारख्या ठेवून. तीनदा सोडायला लावलं. मी वैतागले, पण चौथ्यांदा जमलं. आता पोटमाळ्यावर आहे ते. म्हणाले, उन्हाळ्याअखेर सगळीच शिडं अशी गुंडाळून वर टाकायची, मग पावसाळा संपेपर्यंत सुट्टी.

इस्त्रीचं काही बोलले नाहीत. कळलं असणार.

तुमची आई दारात बसून रस्ता बघते. "हिरा कवा येल?" एवढं एकच विचारते. तिला इथं करमत नाही. पेठला, पाड्यावर जाऊ दे म्हणते. बुधाभाऊजी येऊन घेऊन जातो म्हणालेत. पाठवू का, ते कळवा.

रोशनी


गोवा
२० मार्च २०००

रोशनी,

आईला जाऊ दे. बुधा सांभाळील. उन्हाळ्यात तिकडं पाण्याचे हाल असतात, तेवढं बुधाला सांग की तिला टेकडी उतरायला लावू नको.

इस्त्रीचं वाचून लय हसलो. पुढं बसून दोनदा वाचलं. कप्तानाने विचारलं काय झालं, पण हिंदीत ते सांगता येईना.

आता माझा हात बसलाय. वारा फिरला तर मानेवर आधी कळतं. परवा डॉल्फिन दिसले, बोटीच्या बरोबरीने पळत होते. ते दाखवायला शेजारी कुणी नव्हतं.

बोटीचे मालक येऊन गेले. मे महिना लागला की शिडं गुंडाळायची असं ठरलंय. त्याच्या पुढचं पुढं बघू. जास्त आत्ताच काही लिहीत नाही.

तब्येत सांभाळ. मशीनवर वाकून बसू नकोस.

हिरामण


नाशिक
२ मे २०००

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण सगळं जमवून मगच कळवायचं होतं.

शिडं गुंडाळणार हे वाचलं तसं मी दुसऱ्याच दिवशी यादव साहेबांकडे गेले. त्यांचे गुडघे गेलेत. होडीत उतरताना दोघांना धरावं लागतं. मागेच म्हणाले होते, हिरामण परत आला तर सगळा क्लब त्याच्या हातात देतो, मी नुसता खुर्चीवर बसेन. मी विचारलं, बोलल्याप्रमाणे देणार ना? म्हणाले, "तो येणार असेल तर आजपासून दुसरा माणूस बघत नाही." मी सांगितलं, येणार. तुमच्या वतीने शब्द दिला. त्यांनी आलेल्या दुसऱ्या माणसाला नाही म्हणून कळवलं, माझ्यासमोर.

धरणाच्या वाटेवर एक घर बघितलंय. दोन खोल्या आणि पुढं पडवी. तुम्हाला उंबऱ्यातून पाणी दिसेल. जूनपासून घेतलंय. त्या भागात विजेचं खरं नसतं, रात्री शिवता येणार नाही, म्हणून यंदाच्या गणवेशाचं काम सोडून दिलं. ते दुकानदाराने लगेच दुसरीला दिलं, तेही झालंच.

आईला निरोप धाडलाय. बुधाभाऊजी म्हणाले, म्हातारी त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

कुठल्या गाडीने येणार ते कळवा. नाशिक रोडला येते.

रोशनी


कोची
२९ मे २०००

रोशनी,

तुझं पत्र गोव्याहून फिरून आज मला मिळालं. बोट मेच्या सुरुवातीलाच इकडे आणली. पावसाळाभर इथं गोदीत दुरुस्ती आहे आणि ऑक्टोबरात श्रीलंका, तिथून मालदीव. मी पुढच्या फेरीसाठी सही केलीय. एप्रिलमध्येच.

मी येतोय असं कुठं लिहिलं होतं? पत्र आठवून बघतोय. शिडं गुंडाळणार, एवढंच लिहिलं. तुला वाटलं धरणावरच्यासारखं. तिथं आपण शीड उतरवतो, काठीवरून सोडतो, गुंडाळून माळ्यावर टाकतो. या बोटीवर पुढचं शीड उतरवतच नाहीत. ते एका तारेवर असतं. दोर ओढला की तारेभोवती फिरत फिरत गुंडाळलं जातं. दोर सोडला की वाऱ्याने आपोआप उघडतं. दिवसातून दोन-तीनदा होतं हे. वारा वाढला तर अर्धंच गुंडाळायचं, बंदरात शिरताना पुरतं. गुंडाळलं म्हणजे संपलं असं नाही. जागेवरच असतं ते.

साहेबांना शब्द देण्याआधी मला विचारायचं होतंस. एक पत्र टाकायचं. आता त्यांना काय सांगायचं ते तूच बघ. घर नको घेऊस.

मला काय वाटतं हे सांगता येत नाही. धरणाचं पाणी सगळीकडून बंद आहे. सकाळी निघालं की दुपारी तिथंच. इथं तसं नाही.

हिरामण


नाशिक
८ जून २०००

पत्र मिळालं. शब्दाचा अर्थ कळला. नीट समजावून लिहिलात, तारेसकट.

मग एक सांगा. दिवसातून दोन-तीनदा जे होतं ते ‘मे महिना लागला की’ करायचं, असं का लिहिलंत? रोज भात खाणारा माणूस मे महिन्यात भात खायचं ठरलंय असं लिहितो का? तुम्हाला माहीत होतं. बोट हलणार हे माहीत होतं आणि मी काय समजेन हेही माहीत होतं, कारण माळ्यावरच्या शिडाचं मीच तुम्हाला लिहिलं होतं. खोटं लिहिलं नाहीत. गुंडाळून लिहिलंत. पेठच्या बाजारात कुणालाही विचारा, गुंडाळणे याचा आणखी एक अर्थ आहे. व्यापारी आम्हाला गुंडाळतो म्हणतात तो.

घर घेतलेलं आहे. सोडणार नाही. गणवेशाचं काम गेलेलं आहे. साहेबांना सांगायला उद्या जाते. आईला मात्र मी सांगणार नाही. तुम्ही पाड्यावर लिहा, बुधाभाऊजी वाचून दाखवतील.

मला आता पत्र नको.

रोशनी


गॉल, श्रीलंका
३० ऑक्टोबर २०००

रोशनी,

नको म्हणालीस तरी लिहितोय. कोचीहून तीन टाकली होती. पोस्टमन घर बदललेलं बघून परत करतो की तू उत्तर देत नाहीस, कळत नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे. मालकांनी मार्चमध्येच विचारलं होतं आणि मी लगेच हो म्हटलं होतं. पत्र लिहायला बसलो तेव्हा सरळ वाक्य येईना. मग तो शब्द आला. वाटलं, तुला हवं ते तू वाच, मला वेळ मिळेल. पाकीट चिकटवतानाच बरं वाटलं नव्हतं. तरी टाकलं.

इथं मासळीवाले शिडाच्या छोट्या होड्या घेऊन पहाटे निघतात आणि दुपारी घरी येतात. त्यांच्या बायका वाळूत जाळी पसरून बसलेल्या असतात. मी बघत राहतो. मग बोटीवर येतो आणि दोन दिवसात पुन्हा वाटतं, निघायला पाहिजे. कुठं, ते कळत नाही.

आईला बुधाकडून कळवलं. तिचं काय म्हणणं आहे, ते तरी लिही. साहेबांना काय सांगितलंस?

हिरामण


कोची
११ फेब्रुवारी २००१

रोशनी

मी ठीक आहे. बोट मालदीवला आहे, मी पुढं आलोय. हात जरा दुखावलाय म्हणून अक्षर असं येतंय. काळजी नको. इथं चर्चजवळ एका खोलीत राहतो. पत्ता मागे लिहिलाय.

हिरामण


नाशिक
२६ फेब्रुवारी २००१

हे अक्षर दुखऱ्या हाताचं नाही. हे डाव्या हाताचं आहे. मला शिवणाची सवय आहे, उजव्या हाताने घातलेला टाका आणि डाव्या हाताने घातलेला टाका मी लांबून ओळखते. उजव्या हाताला काय झालंय ते सरळ लिहा.

तुमची सगळी पत्रं मिळाली. वाचली. उत्तर द्यायला वेळ नव्हता, हे अर्धं खरं आहे.

जूनमध्ये साहेबांकडे गेले तेव्हा ते उलट्या घातलेल्या होडीवर बसले होते. सांगितलं, हिरामण येणार नाही, माझी समजायला चूक झाली. साहेब रागावतील म्हणून तयारी करून गेले होते. ते पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग शिडं कोण बघणार?" मी म्हटलं, माळ्यावरची मी बघते. उंदीर लागलाय, एक-दोन कुरतडलेली असतील. ते म्हणाले, बघा.

पावसाळाभर मशीन तिकडेच नेऊन बसले. सगळी शिडं खाली काढली, शिवली, गुंडाळली. ऑक्टोबरात होड्या पाण्यात गेल्या तेव्हा साहेब म्हणाले, ज्याने शीड शिवलं त्याला ते फुगलेलं बघता यायला पाहिजे, बसा. साडी नेसून बसले. वाऱ्याने होडी कलली आणि मी साहेबांचा सदरा धरला. दुसऱ्या दिवशी सलवार-कमीज घालून गेले. महिन्याने एकटी गेले आणि मधोमध होडीसकट उलटी झाले. अंगात ते तरंगायचं फुगीर जॅकेट होतं, तरी पाणी प्यायले. काठावरून साहेब ओरडत होते, "होडीला सोडू नका." नाही सोडली. सरळ केली, वर चढले, खोकले आणि पुन्हा तीच होडी घेऊन काठाला आले. रात्रभर हसू येत होतं. कशाचं ते मला अजून सांगता येत नाही.

तुम्ही लिहिलं होतं, धरणाचं पाणी सगळीकडून बंद आहे. असेल. मी शिवणाच्या मशीनवरून उठून आले, मला ते मोकळं वाटतं.

चंद्रभागाकाकू भेटल्या बाजारात. म्हणाल्या, नवरा गेला तर बाईने पाण्यावर फिरावं का? मी म्हटलं, नवराही पाण्यावरच आहे.

दिवाळीत बुधाभाऊजी आईला घेऊन आले. तिला काठावर खाट टाकून दिली. मी होडी घेऊन वळण घेऊन आले तर ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "एवढं पाणी हितं, आन् आमी चैतात डोंगर उतरून हंडा भरतो." नंतर म्हणाली, "मला बसव त्यात." बसवलं. दोन्ही हातांनी होडीचा काठ घट्ट धरून बसली. उतरल्यावर म्हणाली, हिरा ह्याच्यासाठी गेला होय. तेव्हापासून ‘कवा येल’ विचारत नाही.

जानेवारीपासून साहेबांनी क्लब माझ्याकडे दिलाय. आश्रमशाळेच्या मुली रविवारी येतात. पहिल्या दिवशी सगळ्या काठावर एकमेकींना धरून उभ्या होत्या. आता खेचाखेची करतात, आधी कोण.

म्हणून आधीच लिहून ठेवते, उगाच गैरसमज नको. मागे तुमच्यासाठी शब्द टाकलेली जागा आता रिकामी नाही. तिथं मी आहे. तुम्ही परत आलात म्हणून मी ती सोडणार नाही. तुमच्या हाताला काहीही झालेलं असलं तरी.

आता हाताचं लिहा.

रोशनी


कोची
९ मार्च २००१

रोशनी

डाव्या हाताने लिहितो. वेळ लागतो, म्हणून सरळ लिहितो.

जानेवारीत मालदीवजवळ दुपारी अचानक वादळ आलं. कप्तानाने शीड गुंडाळायला सांगितलं. दोर अडकला. अर्धं गुंडाळलं गेलं आणि अर्धं फाटकन सुटून आपटायला लागलं. बोट आडवी होत होती. कुणीतरी पुढं जायला हवं होतं. मी गेलो. दोर मोकळा केला, पण तो सुटताना हाताभोवती बसला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. बेटावर दवाखाना होता, चांगलं केलं त्यांनी. कप्तान रडला. मी नाही. मला तेव्हा दुखतच नव्हतं.

मालकांनी तिकीट काढून इथं पाठवलं. बरा झालास की परत ये म्हणाले. जाता येईल. तीन बोटांनी दोर धरून बघितला, धरता येतो. पण बंदरावर जाऊन उभा राहिलो की लगेच परत फिरतो. बोट सुटताना बघवत नाही, आणि खोलीत बसवतही नाही.

तुझं पत्र वाचताना आधी राग आला. जागा रिकामी नाही, तिथवर आलो आणि पत्र ठेवून बाहेर गेलो. समुद्रापर्यंत जाऊन परत आलो. मग तू उलटी झालीस ते पुन्हा वाचलं. होडीला सोडली नाहीस, ते. मी पहिल्यांदा उलटा झालो तेव्हा सोडली होती. साहेबांनी तुला सांगितलं नसेल.

मी येतो. या वेळी शब्द साधा आहे, दुसरा अर्थ नाही. पंचवीस तारखेला रविवारी सकाळी नाशिक रोडला उतरेन. कायमचा का, ते विचारू नकोस, मला माहीत नाही. खोटं लिहायचं नाही.

तिथं माझ्यासाठी काही काम असेल का? तुझ्या हाताखाली चालेल. तीन बोटांचा माणूस चालत असेल तर.

हिरामण


नाशिक
१५ मार्च २००१

पत्र वाचलं. मशीनपाशी बसून वाचलं. मग उठून साहेबांना सांगायला गेले, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. साहेब म्हणाले, "पुढं गेला ना तो? मग ठीक." आणि चष्मा पुसत बसले.

बोटांचं आईला मी सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं, समोर बसून. ती सध्या माझ्याकडेच आहे.

काम आहे. होड्यांना रंग द्यायचाय, धक्क्याच्या फळ्या कुजल्यात आणि मुलींना पोहायला शिकवायला माणूस नाही. मला पोहणं अजून धड येत नाही, तेव्हा त्यांच्याबरोबर मलाही शिकवावं लागेल. ओरडलेलं मला चालणार नाही. पगार साहेब ठरवतील, मी त्यात पडणार नाही.

कायमचं का, ते मी विचारणार नाही. पण जायचं असेल तेव्हा ‘जातो’ असा शब्द लिहायचा. किंवा बोलायचा. दुसरा कुठलाही चालणार नाही.

मी स्टेशनवर येणार नाही. रविवार आहे, मुली येतात आणि त्या दिवशी त्यांची पहिली शर्यत आहे. बस पकडून थेट धरणावर या. आई खाटेवर असेल, तिच्यापाशी बसा. चहा तिथल्या टपरीवर चांगला मिळतो. मी पाण्यात असेन. दिसले तर हाका मारू नका, मुलींचं लक्ष जातं.

मार्चमध्ये दुपारनंतर वारा चांगला असतो. तो पडेपर्यंत मी काठाला येणार नाही. तुम्ही थांबा.

रोशनी